दर्यातला उपास

२०२३ साली श्रावण अधिक आला. मासेमारीची बंदी ३१ जुलैला उठली आणि नारळी पौर्णिमा पडली ३० ऑगस्टला. दिघीच्या धक्क्यावर वाद पेटला: नारळ दिल्याशिवाय बोट दर्यात घालायची की नाही? पण बोटीच्या कर्जाचा हप्ता काय महिनाभर थांबतो? बोटी गेल्या. पूर्वी तर सरकारी नियमातच ही पौर्णिमा होती: १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, जे आधी येईल ते. म्हणजे देवाचा दिवस पाळायचा, पण लवकर पडला तरच!

मी जन्मभर म्हावरं विकलं. मारण्याच्या पापाचं मला कुणी सांगू नये, त्यावरच माझी चूल पेटली. मला छळतो तो वेगळा प्रश्न. आमचे वाडवडील पावसाळ्यात थांबत ते देवाला भिऊन की वाऱ्याला? खरं बोलायचं तर वाऱ्याला. शिडाच्या होडीनं आषाढात राजपुरी खाडीबाहेर तोंड काढायची सोय नव्हती. जे जमतच नव्हतं ते सोडण्यात कसलं आलंय व्रत? आता इंजिन आहे, बर्फ आहे, मासा दाखवणारं यंत्र आहे. व्रताला खरी सुरुवात आता.

अडचण अशी, की हे व्रत एकट्यादुकट्याचं नाही. एकादशीला शेजारणीनं सुकट भाजली म्हणून माझा उपास मोडत नाही. दर्यात मोडतो. आज मी सोडलेली सुरमई उद्या दुसऱ्याच्या जाळ्यात. कोयत्यानं तिचं पोट उघडलं की गाभोळीच्या दोन लांबट, पिवळसर पिशव्या निघतात, आणि गिऱ्हाईक आधी तेच मागतं.

तलवारमाशाचं तर याहून कठीण. तो भर महासागरातला, कुठल्या एका देशाच्या हद्दीत न राहणारा. दिवसा खोल जातो, रात्री वर येतो. म्हणून रात्री मैलोन्‌मैल दोर सोडतात, त्याला शेकडो गळ, गळाला माकूल. या माशात मादी नरापेक्षा मोठी. म्हणजे सगळ्यात वजनदार मासा ओढला की बहुधा मादीच गेली. उत्तर अटलांटिकमध्ये १९९० च्या दशकात हा मासा फार घटला. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या कितीतरी आचाऱ्यांनी तो रांधणंच सोडलं, १९९९ मध्ये पकडणाऱ्या देशांनी मिळून दहा वर्षांची मर्यादा घालून घेतली, आणि तेवढ्या मुदतीत मासा सावरला. तिथं दर्याला नारळ कुणी दिला नव्हता. सगळ्यांनी एकदम उपास धरला, एवढंच.

मग देव कशाला, असं माझा नातू विचारतो. मला वाटतं, कुणी बघत नसताना हात आवरायला. दोनशे सागरी मैलांपलीकडे आपलं सरकार कुठं पुरणार?

आमच्या बैठकीत मी म्हटलं, तो जुना नियम उलटा करून आणा: जे नंतर येईल ते. पुरुष हसले. एक तांडेल म्हणाला, "आक्का, आपण थांबलो तर बाहेरच्या बोटी नेतील." त्याचं खोटं नाही. मी म्हटलं, मग त्यांनाही बैठकीला बोलवा.