पेपर फुटला

कोरेगावकडच्या जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी. एकाच महिन्याची पेन्शन काढायला दोनदा बँकेत गेले, सकाळी आणलेली मेथी संध्याकाळी पुन्हा घेऊन आले. सुनेनं लावून धरलं, तेव्हा कुठे मुलानं साताऱ्याच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. पण त्याची धास्ती निराळीच होती. अर्धा तालुका ज्यांनी शिकवला, त्यांनाच मार्क कमी पडले तर? हसू नये त्याला. आपल्याकडे अजून ‘डोक्याचा डॉक्टर’ म्हटलं की शेजारी आवाज खाली करतात.

तिथे काय विचारतात, ते त्यानं कुठून तरी मिळवलं आणि आदल्या रात्री घोकंपट्टी घेतली. वार, तारीख, जिल्हा. शंभरातून सात वजा करत जायचं : त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची.

दुसऱ्या दिवशी बाईंनी “शंभरातून सात” एवढं म्हणायचा अवकाश, गुरुजी धडधडत पासष्टपर्यंत जाऊन थांबले. मुलाचा चेहरा खुलला. गुरुजींनी मात्र पेन्सिल खाली ठेवली.

“बाई, हा पेपर फुटलाय.”

“म्हणजे?”

“यानं रात्री पाठ करून घेतलंय सगळं. जन्मभर कॉप्या पकडल्या मी. याला तर वर्गाबाहेरच काढला असता.”

बाई मनापासून हसल्या. “गुरुजी, तीस मार्कांची ही चाचणी 1975 पासून चालत आलीय, पण तिच्यात पास-नापास नसतं. शिकलेल्या माणसाला घरी घोळ चालू असतानाही छान मार्क पडतात. शाळेची पायरी न चढलेल्याला काही झालेलं नसतानाही कमी पडतात. म्हणून रक्तातलं बी-बारा बघायचं, थायरॉईड बघायचा, ऐकू किती येतं, मन खचलंय का, तेही. त्यात काही सापडलं तर त्यावर औषध आहे. पण घरात काय बिघडतंय हेच कळलं नाही, तर मी आंधळी कोशिंबीर खेळत बसणार.” त्या मुलाकडे वळल्या.

“तसं विशेष काही नाही. वयोमानानं...” तो पुटपुटला. सुनेनं कोपरानं ढोसलं.

“अरे, देवळातून घरचा रस्ता चुकलो, तेव्हा तूच आला होतास ना शोधत?” गुरुजी म्हणाले. “मी सांगितलं तर अर्धं राहून जाईल. तू सांग. आणि जरा मोठ्यानं, मलाही ऐकायचंय.”

“दिवाळीपासून सुरू झालं, अण्णा,” मुलगा म्हणाला.

“त्याच्याही आधी,” सून म्हणाली. “गणपतीत.”