वर्दळीच्या रस्त्यावरची शाळा आणि मुलाच्या वर्तनाचे कर्तृत्व

एखाद्या कृतीचा दोष कर्त्याच्या पदरी टाकण्यापूर्वी ती कृती खरोखर कितपत त्याची होती हे कसे ठरवावे, हा नीतिशास्त्रातील एक जुना प्रश्न आहे. प्रौढ माणसाबाबत त्याचे उत्तर हेतूत आणि विवेकात शोधले जाते. परंतु ज्याचा विवेक अद्याप घडत आहे अशा आठ-दहा वर्षांच्या मुलाबाबत हा प्रश्न अधिक बिकट होतो. वर्गात लक्ष न लागणे, जागेवर स्थिर न बसणे, क्षुल्लक कारणावरून चिडणे या गोष्टी मुलाचे वर्तनदोष मानल्या जातात आणि त्याच्या नावावर नोंदल्या जातात. शाळेच्या कुंपणाबाहेरून दिवसभर जाणाऱ्या वाहनांचा धूर आणि गोंगाट यांचा या वर्तनात वाटा असेल, तर ती नोंद कोणाच्या नावावर व्हावी, याचा विचार धर्म आणि तत्त्वज्ञान या दोहोंच्या अंगाने करणे आवश्यक आहे.

या प्रश्नाला अनुभवसिद्ध आधार देणारे महत्त्वाचे संशोधन स्पेनमधील बार्सिलोना शहरात झाले. तेथील 39 शाळांतील सात ते दहा वर्षे वयाच्या सुमारे 2,700 मुलांची एका वर्षात चार वेळा चाचणी घेण्यात आली आणि तिचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. चाचणीचा एक विषय होता कार्यकारी स्मृती, म्हणजे समोरचे काम पूर्ण होईपर्यंत लागणारी माहिती मनात धरून ठेवण्याची आणि तिच्यावर प्रक्रिया करण्याची क्षमता. वाहतुकीचे प्रदूषण कमी असलेल्या शाळांत ही क्षमता वर्षभरात 11.5 टक्क्यांनी, तर ते अधिक असलेल्या शाळांत केवळ 7.4 टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. त्याच प्रकल्पातील 2016 च्या अभ्यासात वर्तनाची पाहणी झाली: शाळेच्या हवेतील नायट्रोजन डायऑक्साइड आणि काळा कार्बन, म्हणजे प्रामुख्याने डिझेलच्या अपूर्ण ज्वलनातून निघणारी काजळी, यांचा संबंध पालकांनी नोंदवलेल्या वर्तनविषयक अडचणींशी आढळला, तर शाळेतील आवाजाचा संबंध शिक्षकांनी नोंदवलेल्या अवधानाच्या उणिवेशी आणि अतिचंचलतेशी आढळला.

अशा निष्कर्षांची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे, कारण दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे त्यांपैकी एक दुसरीचे कारण ठरतेच असे नाही, आणि चंचलतेची नोंद करणारा शिक्षक स्वतः त्याच गोंगाटात उभा असतो. शिवाय हीथ्रो, स्खिपोल आणि बाराखास या विमानतळांच्या परिसरातील शाळांच्या 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विमानांच्या आवाजाने वाचनाचे आकलन घटल्याचे दिसले, तरी रस्त्यावरील आवाजाबाबत तसे दिसले नाही. तथापि न्यूयॉर्कमधील एका शाळेचे उदाहरण कार्यकारणाच्या जवळ नेणारे आहे. त्या इमारतीची एक बाजू उन्नत रेल्वेमार्गाला लागून होती. 1975 च्या अभ्यासानुसार त्या बाजूच्या वर्गांतील मुले शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे होती आणि वरच्या इयत्तेत हे अंतर जवळजवळ एका वर्षाचे झाले होते. पुढे रुळांखाली रबराचे थर घालण्यात आले, वर्गांना ध्वनिशोषक छत बसवण्यात आले, आणि त्यानंतरच्या पाहणीत हे अंतर नाहीसे झाल्याचे दिसून आले. इमारत तीच राहिली आणि बदलला तो केवळ आवाज. म्हणून जी उणीव मुलांच्या अंगची वाटत होती ती मुख्यतः भिंतीपलीकडून आलेली होती, असे मानणे सयुक्तिक ठरते.

बाहेरून आत येणाऱ्या गोष्टी मन घडवतात, हा विचार भारतीय दर्शनांना अपरिचित नाही. छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात सनत्कुमार नारदाला एक क्रम सांगतात: आहार शुद्ध असेल तर अंतःकरण शुद्ध होते आणि अंतःकरण शुद्ध झाले की स्मृती स्थिर होते. येथे शंकराचार्यांनी आहाराची व्याप्ती अन्नापुरती ठेवलेली नाही; शब्द, स्पर्श, रूप इत्यादी विषयांचे इंद्रियांद्वारे होणारे ग्रहणही त्यांनी आहारातच धरले आहे. रामानुज परंपरेत या वचनाचा अर्थ अन्नशुद्धीकडे झुकतो, आणि घराघरांत तोच रूढ आहे. मुलाच्या डब्यातील पदार्थाविषयी जागरूक असणारा समाज त्याच्या कानांवर आणि फुप्फुसांवर दिवसाचे पाच-सहा तास काय लादले जाते याविषयी उदासीन राहतो, याचे एक कारण शुद्धीच्या या संकुचित कल्पनेत आहे. न्यायदर्शनाने मन अणुपरिमाण, म्हणजे एका वेळी एकाच इंद्रियाशी संयोग पावू शकणारे, मानले. त्या भूमिकेतून पाहता कर्कश हॉर्नकडे खेचले गेलेले मन त्याच क्षणी फळ्यावरील अक्षराशी असू शकत नाही. पतंजलींनी तर चित्ताच्या विक्षेपासोबत, म्हणजे ते विचलित होण्यासोबत, दुःख, दौर्मनस्य (मनाची खिन्नता), अंगाची अस्थिरता आणि श्वासोच्छ्वासाची अनियमितता ही लक्षणे सांगितली आहेत. शिक्षक ज्यांना बेशिस्त म्हणतो त्यांतील बरीच लक्षणे या यादीत आहेत, आणि पतंजलींच्या मते ती पापाची नव्हेत, विक्षेपाची लक्षणे आहेत.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो. वर्तन परिस्थितीतून उपजते असे मानले, तर शिस्त, संस्कार आणि प्रयत्न यांना अर्थ उरतो काय? या आक्षेपाचे उत्तर भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातील कर्मविचारात मिळते. तेथे कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, चेष्टा आणि दैव. शांकरभाष्यानुसार अधिष्ठान म्हणजे शरीर, करणे म्हणजे इंद्रिये आणि चेष्टा म्हणजे प्राण-अपानादी वायूंचे व्यापार. या मांडणीत कर्ता आहे, म्हणून मुलाचा प्रयत्न निरर्थक ठरत नाही. परंतु तो पाचांपैकी एक आहे, आणि सर्व कर्तृत्व केवळ त्याच्यावर लादणाऱ्याला गीता यथार्थदर्शी मानत नाही. ज्या मुलाचे शरीर काजळीने भारले जाते, ज्याची श्रवणेंद्रिये सतत डिवचली जातात आणि ज्याचा श्वासच दूषित हवेवर चालतो, त्याच्या कर्माची तीन कारणे बाहेरच्या हस्तक्षेपाने बाधित झालेली असतात. अशा स्थितीत केवळ कर्त्याला शासन करणे हा अन्याय आहे.

उरलेला वाटा दैवावर सोपवण्याची प्रवृत्ती त्याहून अधिक घातक आहे. लोकव्यवहारात दैव म्हणजे प्रारब्ध, आणि गरीब वस्तीतील मुलाला महामार्गालगतची शाळा मिळाली तर ते त्याचे नशीब मानले जाते. परंतु रस्त्याची आखणी, शाळेच्या जागेची निवड, वाहनांचा मार्ग आणि त्यांच्या इंजिनांची तपासणी हे सर्व माणसांचे निर्णय आहेत. मानवी निर्णयाला दैव म्हणणे म्हणजे कर्त्याने आपले नाव लपवणे होय. कर्मसिद्धान्ताचा आधार घेऊन ही पळवाट काढता येणार नाही, कारण तोच सिद्धान्त शासन, नियोजनकार आणि वाहनचालक यांच्या कर्मालाही लागू आहे.

शाळेभोवतीच्या आवाजापासून मुलांचे रक्षण करण्याचे कर्तव्य भारतीय कायद्याने तत्त्वतः स्वीकारलेले आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 अन्वये शैक्षणिक संस्थांभोवतीचा किमान 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र होऊ शकतो आणि तेथे दिवसाची मर्यादा 50 डेसिबल आहे. डेसिबल हे ध्वनीची तीव्रता मोजण्याचे असे परिमाण आहे की, त्यात दहाची वाढ झाली म्हणजे तीव्रता दहापट होते. त्यामुळे मर्यादेवरील थोडे आकडेही मोठा भार दर्शवतात. 2010 पासून शांतता क्षेत्रात आणीबाणीखेरीज हॉर्न वाजवण्यास मनाई आहे. मात्र 2017 च्या दुरुस्तीनंतर राज्य शासनाने अधिसूचित केल्याशिवाय कोणताही परिसर शांतता क्षेत्र ठरत नाही, म्हणजे मुलाच्या चित्ताचे रक्षण आता प्रशासनाच्या इच्छेवर अवलंबून आहे. ही इच्छा कृतीत उतरू शकते, हे बार्सिलोना नगरपालिकेने 2020 पासून शाळांभोवतालची वाहतूक कमी करण्याचा कार्यक्रम हाती घेऊन दाखवले आहे.

मुलाकडून स्थैर्याची अपेक्षा करण्यापूर्वी स्थैर्याला पोषक अधिष्ठान पुरवणे हा समाजाचा धर्म आहे. म्हणून प्रत्येक शाळेने आपल्या दारातील हवा आणि आवाज मोजावा, पालकांनी शांतता क्षेत्राची अधिसूचना मागावी, शासनाने ती विनाविलंब काढून अमलात आणावी, आणि तोवर कोणत्याही मुलाच्या प्रगतिपुस्तकात चंचलतेचा शेरा लिहिताना शिक्षकाने प्रथम खिडकीबाहेरच्या रस्त्याचा विचार करावा.