काशीतले मरण आणि काशीतले अध्ययन

रेल्वे नागपुरास १८६७ साली आली. तोवर या प्रांतातून काशीस जाणे म्हणजे आयुष्याच्या उतारावर, देणेघेणे फेडून, जमीनजुमल्याची लेखी तजवीज लावून आणि परतीचा फारसा भरवसा न धरता केलेले प्रस्थान असे; पुढे लोहमार्ग वाढत गेले, इटारसी-जबलपूरच्या वाटेने प्रयागापर्यंत गाडी धावू लागली, आणि ते प्रस्थान एका अहोरात्राच्या प्रवासावर आले. वाहनात बसून तीर्थास जाणाऱ्याचे पुण्य उणावते असा निबंधकारांचा दंडक होता. त्यामुळे आगगाडीने केलेल्या यात्रेला यात्रा म्हणावे की नाही, ही शंका त्या काळच्या श्रद्धाळू मनाला सतावत असल्यास नवल नाही. आज ती शंका कोणास येत नाही. परंतु एकाच डब्यात, समोरासमोरच्या बाकांवर, आप्ताच्या अस्थी कापडात बांधून घेतलेले वृद्ध जोडपे आणि हिंदू विश्वविद्यालयात नाव दाखल करावयास निघालेला तरुण बसलेले दिसावेत, हे त्या गाडीत सहज घडते, आणि ते पाहिले की एक जुना प्रश्न मनात उभा राहतो. ज्या नगरीत लोक मरावयास जात आले, तिथेच ते शिकावयासही का जात आले? हा केवळ योगायोग, की या दोन प्रयोजनांचा आत कुठे सांधा आहे?

सांधा आहे असे माझे मत आहे, आणि तो शास्त्रकारांनीच बसवून ठेवला आहे. त्यांच्यापुढची अडचण अशी होती. वेदान्ताचा सिद्धान्त निरपवाद: ज्ञानावाचून मोक्ष नाही, कर्माने नाही, दानाने नाही, स्थलमाहात्म्यानेही नाही. इकडे पुराणे गर्जून सांगतात की काशीत देह पडला की जीव सुटला, मग तो जीव पंडिताचा असो, पातक्याचा असो की कृमिकीटकाचा असो. एक खरे मानावे तर दुसरे खोटे पडते. सुरेश्वराचार्यांच्या नावावर असलेला ‘काशीमृतिमोक्षविचार’ हा छोटेखानी ग्रंथ याच कोड्यासाठी लिहिला गेला, आणि मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनीही सोळाव्या शतकात ‘त्रिस्थलीसेतु’ रचताना काशीच्या प्रकरणात त्याचा ऊहापोह केला. उत्तराचे बीज जाबालोपनिषदात आहे. तेथे बृहस्पतीला याज्ञवल्क्य सांगतो की अविमुक्त क्षेत्रात, म्हणजे काशीत, प्राणी प्राण सोडू लागला म्हणजे रुद्र स्वतः त्याला तारक ब्रह्माचा उपदेश करतो. अशा रीतीने सिद्धान्ताला बाध येत नाही. काशीत मरणाराही ज्ञानानेच मुक्त होतो. ते ज्ञान त्याला अखेरच्या क्षणी मिळते, आणि ते देण्यासाठी गुरू शिष्याच्या उशाशी चालत येतो, एवढाच काय तो विशेष.

या श्रद्धेचा साक्षीपुरावा मागण्यात अर्थ नाही. तिचा आशय पाहावा, आणि तो मला फार उदात्त वाटतो. मणिकर्णिकेवर रात्रंदिवस चिता जळतात, आणि त्या प्रत्येक जीवाच्या कानात, त्याचे कूळ न विचारता, त्याचे पूर्वाध्ययन न तपासता, त्याच्या पातकांची झडती न घेता, जगातील सर्वश्रेष्ठ विद्या सांगितली जाते, अशी कल्पना ज्या समाजाने केली, त्याने विद्येच्या दानाविषयीची आपली परमोच्च आकांक्षाच त्या घाटावर कोरून ठेवली आहे. तेच उपनिषद पुढे अविमुक्ताचे स्थान भुवया आणि नाक यांच्या संधीत दाखविते. मग ज्याला देह आहे तो प्रत्येक जण काशी बरोबर घेऊनच हिंडतो असे होते. इतकी उदार प्रवेशव्यवस्था कोणत्याही विद्यापीठाने आजवर ठेवलेली मला ठाऊक नाही.

आणि तरीही याच नगरीत जिवंत माणसांसाठी जो शिरस्ता होता, तो याच्या नेमका विरुद्ध होता. काशीची विद्या पंडितांच्या घरी नांदे. इमारत, दफ्तर, पगारी अंमलदार यांपैकी काही नसताना विद्यार्थी गुरूच्या ओसरीवर बसून वर्षानुवर्षे व्याकरण, न्याय, मीमांसा शिकत, आणि त्या ओसऱ्यांनी निर्माण केलेल्या विद्वत्तेपुढे आजही मस्तक नमते. त्यात महाराष्ट्रीयांचा वाटा फार मोठा. नारायणभट्टांच्याच वंशातील कमलाकरभट्टांनी १६१२ साली ‘निर्णयसिंधु’ पुरा केला, आणि त्याच वंशातील गागाभट्ट १६७४ साली राज्याभिषेकासाठी रायगडावर आले; नागपूरकर भोसल्यांनी बांधलेला घाट तर गंगेच्या काठी आजही त्यांच्याच नावाने उभा आहे. पण त्या ओसरीच्या पायरीवर पहिली चौकशी होई ती जन्माची. ब्रह्मसूत्रांतील अपशूद्राधिकरणावर भाष्य करताना, आत्म्याला वर्ण नाही असे शिकविणाऱ्या आचार्यांनीच शूद्राचा वेदाध्ययनाचा आणि वेदमूलक ब्रह्मविद्येचा अधिकार नाकारला आहे. ते पान उघडले की प्रत्येक वेळी माझे मन व्यथित होते. एकनाथांनी शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, आपले भागवत काशीतच पूर्ण केले. परंपरा सांगते की तो अर्थ प्राकृतात आणल्याबद्दल तेथील पंडितांनी त्यांना जाब विचारला होता, आणि पुढे त्याच ग्रंथाची त्यांनी मिरवणूक काढली. १९१६ साली पंडित मदनमोहन मालवीयांनी हिंदू विश्वविद्यालयाची स्थापना केली. तेथेही वेदाच्या वर्गात स्त्रीने बसावे की नाही हा वाद १९४६ सालापर्यंत चालत राहिला, आणि मालवीयजींच्या अखेरच्या वर्षी तो तिच्या बाजूने निकालात निघाला. मरणाऱ्याला जे विनाअट द्यावयाचे, ते जगणाऱ्याला मात्र दाखला पाहून: ही विसंगती काशीच्या पंडितांना दिसली नसेल असे मला वाटत नाही, ती दिसूनही शतकानुशतके तशीच राहिली, याचेच दुःख अधिक.

काशीपासून सुमारे दहा किलोमीटरांवर सारनाथ आहे. बोधीनंतर हा धर्म प्रथम कोणाला सांगावा असा विचार करताना बुद्धांना आपले पूर्वीचे गुरू आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त आठवले. ते दोघेही निवर्तले होते, म्हणून बुद्ध आपल्या पाच जुन्या सोबत्यांना शोधीत येथवर चालत आले. पात्रतेचा विचार त्यांनीही केला होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पण तो समजुतीच्या तयारीचा विचार होता. आणि अखेरच्या दिवसांत आनंदाला त्यांनी सांगितले की आचार्याने झाकून ठेवावी तशी कोणतीही मूठ आपण ठेवलेली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकू दिले गेले नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि नंतर लाखो अनुयायांना ती स्वतः दिली. पुढच्याच महिन्यात, काठमांडूच्या बौद्ध परिषदेहून परतताना, प्रकृती अत्यंत क्षीण झालेली असतानाही ते काशीस थांबले आणि तेथील विद्यार्थ्यांपुढे बोलले. ज्याच्यापुढे देववाणीचे दार लोटले गेले होते, तो त्या विद्यानगरीत आचार्याच्या आसनावरून बोलला. ६ डिसेंबरला त्यांचे महानिर्वाण झाले. नागपूर आणि काशी यांना जोडणाऱ्या साऱ्या इतिहासात मला याहून अर्थपूर्ण भेट दुसरी दिसत नाही.

अधिकार हा विचारच टाकाऊ आहे असे मात्र मी म्हणणार नाही. विवेक, वैराग्य, शमदमादी साधने आणि मुमुक्षा यांची वेदान्ताने घातलेली अट न्याय्य आहे, कारण ती प्रयत्नाने कोणालाही पुरी करता येते. जन्माची अट प्रयत्नाने पुरी होत नाही. म्हणून पहिली साधना ठरते आणि दुसरी मक्तेदारी. दोहोंना एकाच नावाखाली नांदू दिले, हा आमच्या धर्मविचाराचा गंभीर अपराध आहे. नागपूरच्या विद्यापीठाला, जे १९२३ साली स्थापन झाले, २००५ पासून तुकडोजी महाराजांचे नाव आहे. महाराजांचे शालेय शिक्षण अल्पच होते, आणि त्यांनी ‘ग्रामगीता’ लिहिली. त्या नावाच्या सनदा घेऊन या प्रांतातली शेतकऱ्या-कामकऱ्यांची मुले पुढच्या अध्ययनासाठी काशीच्या गाडीत बसतात, यात मला केवळ सोय दिसत नाही, धर्म दिसतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो घेणारे अप्रामाणिक नसतात: सरसकट सर्वांना दिलेली विद्या आपले मोल गमावते. याला उत्तर काशीच्या पंडितांच्याच चरित्रात आहे. ‘परिभाषेन्दुशेखर’ लिहिणारे नागेशभट्ट काळे हे अठराव्या शतकातले थोर वैयाकरण. जयपूरच्या महाराजांनी त्यांना यज्ञासाठी बोलावले असता, आपण क्षेत्रसंन्यास घेतला आहे, काशीची सीमा ओलांडता येत नाही, असे सांगून त्यांनी राजाचा तो सन्मान नाकारला अशी आख्यायिका आहे. ज्या उपदेशाच्या आशेने ते तेथे राहिले, तो घाटावरच्या नावाड्याला, डोंबाला आणि पायरीवरच्या मुंगीलाही मिळणार, हे त्यांना शास्त्राने पक्के ठाऊक होते. आणि तरी त्याचे मोल त्यांनी राजदरबाराहून अधिक धरले.