आजारी कुत्र्याचा प्रश्न



घरच्या कुत्र्याला लिंफोमा झाला, आता इंजेक्शन देऊन मरण द्यावे का, ते पाप ठरेल का, असे काहीजण विचारतात. आधी डॉक्टरांचे म्हणणे नीट ऐकावे. उपचार न केल्यास असा कुत्रा बहुधा महिना-दीड महिना जगतो. किमोथेरपीने अनेकदा वर्षभर मिळते. पण आजार बहुतेक वेळा परततो. ते वर्ष कोणासाठी, त्याच्यासाठी की आपल्यासाठी? सुई का टोचली हे त्याला सांगता येत नाही.

माणूस बेशुद्ध असला तरी देवाची प्रतिमा आहे, म्हणून त्याला दयामरण नाही. प्राण्याबाबत तशी बंदी नाही. उलट त्याला विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असे कॅटेकिझम (क्र. २४१८) सांगते. आणि गरजू माणसासाठी आधी खर्चायचा पैसा प्राण्यावर खर्चणेही अयोग्य, हेही तेथेच आहे. (हे वाक्य कुत्रा पाळणाऱ्यांना आवडत नाही!)

तो खातो का, हाक मारल्यावर उठतो का, हे रोज पाहावे. दोन्ही थांबले आणि औषधानेही वेदना आवरेना, तर आपल्याला सोडवत नाही म्हणून त्याला ताटकळत ठेवू नये. मुलांना ‘गावी पाठवला’ असे सांगू नका. त्यांना त्याच्याजवळ बसू द्या.