घोटाघोटाचा नेम

गेल्या कार्तिकीला पंढरपुरी महाद्वारापाशी एक जुने टाळकरी भेटले. त्यांनी आम्हांला आधी ओळखलेच नाही. ओळख पटल्यावर दंडवत घातला आणि हळूच विचारले, "महाराज, अंगात काही मोठं दुखणं शिरलं काय हो? अर्धे राहिलात." आम्ही म्हणालो, "शिरलं नाही बाबा, निघालं." त्यांना वाटले, महाराज वेदान्त सांगताहेत. आम्हीही तसेच वाटू दिले आणि पुढे गेलो. रात्री मठात पाठ टेकली, पण झोप येईना. नारदाच्या गादीवर उभे राहून लोकांना सत्य सांगावयाचे आणि आपल्या देहाविषयी मात्र आडपडदा ठेवावयाचा, हे काही बरे नव्हे. म्हणून त्या दिवशी जे सांगितले नाही, ते आज सांगत आहोत.

आमचे वय ६३. गेल्या वर्षी आमचे वजन ११८ किलो होते. मधुमेह जुना, रक्तदाब जुना, गुडघे दोन्ही निकामी. कीर्तनाच्या पूर्वरंगातच दम लागे आणि मृदंगावर गजर चालू असता आम्ही पंच्याने घाम पुसत उभे असू. आणि हे झाले कशाने? सज्जनहो, कीर्तनकाराला गावोगाव देव जेवू घालतो. सप्ताह कोठेही असो, काल्याच्या कीर्तनानंतर पान मांडलेले असतेच. "महाराज, एक पोळी तरी घ्याच." जिव्हेच्या लौल्यावर आम्ही तास तास निरूपण केले आणि निरूपण संपताच त्याच जिव्हेला घेऊन पाटावर बसलो. चाळीस वर्षे हे चालले.

शेवटी डॉक्टरांनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया सुचविली. ही विद्या अगदी नवी नव्हे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली जठराला वळसा देण्याची शस्त्रक्रिया केली, तेव्हापासून तिचा विस्तार होत आला. आज मुख्यतः दोन प्रकार चालतात. एकात जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी उरते. दुसऱ्यात जठराच्या वरच्या टोकाची लहानशी थैली करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. पोटाला मोठा छेद न देता बारीक छिद्रांतून दुर्बिणीने हे काम होते. आमची पहिल्या प्रकारची झाली.

आता कोणी पूर्वपक्ष करील, "महाराज, नामाने वासना जाते म्हणता, मग शस्त्र कशाला?" त्याला आमचे उत्तर असे. मोतीबिंदू झाला तर आपण नाम घेतो आणि डोळाही दाखवितो. अतिस्थूलता हा नुसता आळस नव्हे, तो रोग आहे. एकदा वाढलेले वजन देह स्वतःच राखू पाहतो. उपास करून दहा किलो उतरवावे, तर देह भूक वाढवून ते परत मागून घेतो. या रोगात वैद्याची मदत घेणे म्हणजे नामावर अविश्वास नव्हे. हे ज्याच्या घरी घडले असेल, त्याने मान खाली घालू नये.

पण आज आम्हांला शस्त्रक्रियेचे माहात्म्य सांगावयाचे नाही. सांगावयाचे आहे ते पुढच्या काही आठवड्यांविषयी. ते दिवस कठीण असतात, आणि त्या दिवसांत माणूस फार एकटा पडतो.

पहिल्या रात्री पोटापेक्षा खांदा दुखत होता. शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात जो वायू भरतात, त्याची ही कळ असते. चालले म्हणजे उतरते. परिचारिका आली आणि म्हणाली, "आजोबा, उठा, चालायचंय." आम्हांला राग आला. पण पायांत रक्ताची गाठ धरू नये म्हणूनच हे चालणे असते. तिच्या खांद्यावर हात ठेवून आम्ही त्या ओसरीत दहा पावले गेलो आणि दहा परत आलो. दुसऱ्या दिवशी औषधाची चिमुकली पेली आली. तीत ३० मिलिलिटर पाणी होते. तेही एकदम प्यावयाचे नाही, घोट घोट घ्यावयाचे. आयुष्यभर तांब्या तोंडाला लावून पाणी प्यालेला माणूस! जरा घाई केली की छातीत दाटून येई आणि सगळे परत. तिसऱ्या दिवशी घरी आलो.

घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. पहिले दोन आठवडे केवळ पातळ पदार्थ: ताक, गाळलेले वरणाचे पाणी, दुधात कालविलेली प्रथिनांची पूड. त्यानंतर घोटलेले, मग मऊ, आणि दीडदोन महिन्यांनी सर्वांसारखे, पण थोडे. प्रत्येक डॉक्टरांचे दिवस थोडे पुढेमागे असतात. आमच्या कुटुंबाने आम्हांला वास येऊ नये म्हणून पंधरा दिवस मागच्या पडवीत शेगडी मांडली. तरी एके दुपारी शेजारून लसणाच्या फोडणीचा वास आला आणि आमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. समोर वरणाच्या पाण्याची वाटी होती. आम्ही ओरडलो, "हे काय पाणी आणलंस?" ती शांतपणे म्हणाली, "अहो, पाणीच द्यायला सांगितलंय ना." आम्ही वाटी सरकवून दिली. रात्री मनात आले, हे आपण काय करून बसलो? बरे होते ते दुखणे. आता जन्मभर असेच?

सज्जनहो, हा पश्चात्ताप पुष्कळांना येतो. औषधांची गुंगी, थकवा, अंगातील बदललेले स्राव आणि हातातून काढून घेतलेला जुना सोबती, अशी त्याची अनेक कारणे आहेत. कारण अन्न हे केवळ अन्न नसते. दुःख झाले तरी आपण खातो, आनंद झाला तरी खातो, आणि काहीच झाले नाही तरी खातो.

त्या रात्री अंथरुणावर बसून आम्ही स्वतःला विचारले, "भूक लागली आहे काय?" आणि नवल असे की भूक नव्हती. जठराचा जो भाग काढतात, त्यातच भूक चेतविणारा घ्रेलिन नावाचा स्राव बहुतांशी तयार होत असतो. त्यामुळे सुरुवातीचे काही महिने पोटाची भूक फार मंद असते. मग रडत कोण होते? पोट तर गप्प होते. रडत होती ती वासना. इतकी वर्षे भूक आणि वासना एकाच पाटावर जेवत होत्या, म्हणून आम्हांला त्या वेगळ्या दिसल्याच नाहीत. संस्कृतात विच् धातूचा अर्थ वेगळे करणे असा आहे, त्यापासून विवेक हा शब्द होतो. पाठशाळेत आम्ही तो घोकला होता. त्याचा अर्थ त्या रात्री कळला. शस्त्राने जठर कापले, वासना कापली नाही. पण ती उघडी पाडली. तिला उघडी पाहणे हेच त्या दिवसांचे दुःख, आणि हाच त्या दिवसांचा लाभ.

आता आमच्या हातून घडलेला प्रमाद सांगतो, म्हणजे तो तुमच्या हातून घडू नये. शस्त्रक्रियेनंतर अकराव्या दिवशी एकादशी आली. गळ्यात माळ पडल्यापासून आमची एकादशी चुकलेली नाही. आम्ही मनाशी म्हटले, एरवीही काही खात नाही, मग आज निर्जळीच करू. कोणालाही विचारले नाही. दुपारी जीभ कोरडी पडली, लघवी गडद झाली, आणि सायंकाळी देवापुढे दिवा लावावयास उठलो तो डोळ्यांपुढे अंधेरी आली. मुलाने धरले म्हणून वाचलो. रात्र दवाखान्यात शिरेतून पाणी घेत काढली. डॉक्टर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "महाराज, एकादशी तुमची, पण पाणी माझं."

आम्ही त्यावर पुष्कळ विचार केला. धर्मशास्त्राने बालक, वृद्ध आणि आतुर यांना उपवासात सवलत दिली आहे. आतुर म्हणजे रोगी. गीतेच्या सहाव्या अध्यायातही भगवंतांनी अति आहाराबरोबर अनाहारही योगाच्या आड येतो असेच सांगितले. मग आम्ही निर्जळी कोणासाठी केली? देवासाठी नव्हे. "अशाही स्थितीत महाराजांनी एकादशी मोडली नाही" असे लोकांनी म्हणावे, यासाठी केली. म्हणजे पोटाची वासना उघडी पडताच ती मानाच्या रूपाने दुसऱ्या दाराने घरात आली! बाबांनो, या आजारपणात ज्याला एकादशी येईल, त्याने पाणी सोडू नये, प्रथिने आणि औषधे सोडू नयेत. हरिनाम अधिक घ्यावे, तुळशीपत्र वाहावे. हीच त्याची एकादशी. पुढे उपवास केव्हा आणि कसा करावा, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही नेम धरला. दिवसाला साधारण दीड लिटर द्रव पोटात जावयास हवे. ३० मिलिलिटरच्या ५० पेल्या म्हणजे दीड लिटर. पाव तासाला एक पेली धरली, तर पहाटे सहाला आरंभ करून सायंकाळच्या हरिपाठापर्यंत पन्नास होतात. एक घोट घ्यावा, पेली खाली ठेवावी, दहा वेळा नाम घ्यावे, मग दुसरा घोट. घाई होत नाही म्हणून ओकारी नाही, आणि विसर पडत नाही म्हणून शोष नाही. चाळीस वर्षांत आमच्या हातून एवढे संथ नामस्मरण झाले नव्हते.

मन पुढे धावू लागले की त्याला वारीची आठवण द्यावी. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरी पोचते. दिवे घाट चढताना कोणी वाखरीचा विचार करीत नाही, सासवडचा मुक्काम गाठला की पुरे. आज पातळाचा मुक्काम आहे ना? मग आज पातळच. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पुष्कळांचे वजन काही दिवस एकाच जागी थांबते आणि माणूस घाबरतो. पालखीही मुक्काम करते. म्हणून वारी मोडत नाही. काही महिन्यांनी केसही गळतात, ते बहुधा पुन्हा येतात.

काही गोष्टी मात्र नामाच्या भरवशावर अंगावर काढू नयेत. ताप, नाडीची फार धडधड, वाढत जाणारी पोटदुखी, धाप, पोटरीची सूज, न थांबणारी ओकारी, यांपैकी काहीही दिसले तर रात्र असो वा पहाट, डॉक्टरांकडे जावे. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचे प्रमाण या दिवसांत बदलावे लागते, तेही त्यांनाच विचारून. जीवनसत्त्वे जन्मभर घ्यावयाची असतात. आपण माळकरी शाकाहारी, तेव्हा बी-१२ कडे विशेष लक्ष द्यावे. कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा प्राणिज जिलेटिनचे असते. ज्याला ते नको त्याने तसे स्पष्ट सांगून गोळी किंवा शाकाहारी आवरण मागावे, पण औषध टाकू नये. आणि रडू आवरत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर घरच्यांना व डॉक्टरांना सांगावे. ते सांगण्यात भक्ती उणी पडत नाही.

यजमान मंडळींनाही हात जोडून एक विनंती. अशा माणसाला आग्रह करू नका. पोटात एक घास जास्त गेला तर त्याला वेदना होतात, आणि गोड अधिक झाले तर काहींना घाम, धडधड आणि घेरी येते. प्रसादाचा एक कणही प्रसादच असतो. तो जिभेवर ठेवू द्या आणि पुढची पोळी वाढू नका.

आज आमचे वजन ८४ किलो आहे. मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांनी कमी केल्या. गेल्या वर्षी पायी वारी झाली नाही, पण वाखरीपासून पंढरपूरपर्यंत दिंडीत चाललो. आता कीर्तनात दीड तास उभे राहतो. वासना गेली, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. पुरणाचा वास आला की ती अजून दाराशी येते. पूर्वी ती भुकेचे नाव सांगून आत येत असे. आता आम्ही तिला नावानिशी ओळखतो, आणि पेली हातात घेऊन नाम म्हणत बसतो. थोड्या वेळाने ती जाते.

त्या टाळकऱ्यांना हे पान कोणी वाचून दाखवावे. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे राहिले होते, ते आज दिले.

सर्व संतांच्या चरणी दंडवत. राम कृष्ण हरि.