पाचवी चिमणी

नाताळानंतरच्या थंडीत वसईच्या पूर्वेस तुंगारेश्वराच्या वाटेने चालणाऱ्यास ओढ्याच्या खडकांवर शेपटी सतत वरखाली हलविणारा करडा धोबी भेटतो. हिमालयात व त्यापलीकडे घरटी करणारा हा पाहुणा उन्हाळा तापू लागला की परततो. त्याच ओढ्याकाठचा शीळकरी कस्तूर पावसाळ्यात माणसासारखी शीळ घालतो. हिवाळ्यात तो बहुधा मुका. त्याचे दर्शन हवे तर निमूट बसून राहावे लागते. असे बसणे ही भरल्या पोटाची करमणूक, की त्यात काही कर्तव्यही आहे?

आपल्या प्रवचनांत पाखरे येतात ती दाखला म्हणून. चिंता करू नका, हा बोध पदरी पडला की पाखरू उडून गेले तरी आपले काही अडत नाही. परंतु प्रभूने आधी सांगितले ते ‘पाहा’ असे. मत्तयाच्या मूळ ग्रीक शब्दात नजर रोखून पाहण्याचा अर्थ आहे. लूक तर कावळ्यांचे नाव घेतो, आणि लेवीय ग्रंथाने कावळा अशुद्ध ठरविला होता!

त्याहून विचार करावासा वाटतो तो चिमण्यांच्या भावाचा. मत्तयात एका नाण्याला दोन, लूककडे दोन नाण्यांना पाच. भाजीवाली मूठभर कोथिंबीर वर टाकते, तशी पाचवी चिमणी फुकट. बाजाराने जिची किंमत शून्य धरली, तिचाही देवाला विसर पडत नाही. कोणी म्हणेल, माणूस पुष्कळ चिमण्यांहून मोलवान आहे, असेही तेथेच सांगितले आहे. खरेच. पण शून्याहून अधिक असण्यात माणसाचा कसला गौरव? चिमणीला स्वतःचे मोल असेल, तरच त्या तुलनेला अर्थ.

डॉ. सालिम अली यांनी लहानपणी एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून ते थबकले आणि तिची ओळख विचारीत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. १९८५ साली आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’, चिमणीचे पडणे. मूळ कल्पना शुभवर्तमानातलीच.

तुंगारेश्वर २००३ साली अभयारण्य झाले. तरी आपल्या घरांना खडी लागते आणि ती कुठला ना कुठला डोंगर फोडूनच येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या हिशेबात खडीचा भाव असतो, धोब्याचा नसतो. ज्याला कधी पाहिलेच नाही त्याला हिशेबात धरणार तरी कोण? एखादी प्रजाती आपल्यामुळे नष्ट झाली, तर तिच्या अस्तित्वाने होणारा देवाचा गौरवही थांबतो, असे दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या २०१५ च्या पत्रात म्हटले आहे.

जानेवारीत पहिली मिस्सा आटोपून निघाल्यास ऊन चढण्याआधी ओढा गाठता येतो. तिघांत एक दुर्बीण पुरते. मोबाइलवर पाखराचा आवाज वाजवून त्याला बोलावणे मात्र टाळावे. ती एक प्रकारची खोटी साक्षच.