आधी सिद्ध कर, मग बघू

हॉकी म्हटले की आमच्या ग्वाल्हेरच्या वाचकांना कॅप्टन रूपसिंगांची आठवण होईल. १९३२ व १९३६ च्या ऑलिंपिक स्पर्धांत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघांतले हे खेळाडू ग्वाल्हेर संस्थानच्या लष्करात नोकरीस होते. हॉकीने त्यांना कीर्ती दिली. पोटाची सोय नोकरीने केली. आज आम्ही ज्या हॉकीविषयी लिहीत आहोत ती निराळी आहे. ती कॅनडा व अमेरिकेत बर्फावर खेळली जाते, आणि तेथे खेळ हीच नोकरी असते. नोकरी आली की करार आला, आणि करार आला की कोणी कोणावर किती भरवसा ठेवायचा हा प्रश्न आला. आमचा विषय हा प्रश्न आहे. तेव्हा ज्यांना खेळांची गोडी नाही अशा वाचकांनीही पान उलटू नये, अशी विनंती आहे. आपल्या घरात कोणी तरुण नोकरीच्या शोधात असेल, किंवा आपण स्वतः कोणाला नोकरीवर ठेवीत असू, तर हा प्रश्न आपल्याही दारात उभा आहे.

प्रथम तेथील रीत समजून घेऊ. नॅशनल हॉकी लीग नावाच्या संघटनेत आज ३२ क्लब आहेत. दरवर्षी हे क्लब अठरा वर्षांच्या आसपासच्या गुणी मुलांची पाळीपाळीने निवड करतात. क्लब मुलाला निवडतो. मुलाला क्लब निवडता येत नाही. अठरा ते एकवीस वर्षांच्या मुलाचा पहिला करार तीन वर्षांचा असतो आणि त्यातील पगाराला वरची मर्यादा घातलेली असते. तीन वर्षे संपली म्हणजे तो मोकळा झाला असे नाही. क्लबाने नियमाप्रमाणे त्याच्यापुढे देकार ठेवला की त्याच्यावरचा हक्क क्लबाकडेच राहतो. दुसऱ्या क्लबाला बोली लावता येते, पण मूळ क्लब तितकेच पैसे देऊन त्याला ठेवून घेऊ शकतो. न ठेवल्यास मोठ्या रकमेची बोली लावणाऱ्याला पुढील वर्षांच्या निवडीतले आपले हक्क भरपाई म्हणून द्यावे लागतात. त्यामुळे अशा बोली क्वचितच लागतात. पहिला करार नुकताच संपलेल्या पुष्कळ मुलांना लवादाकडे दाद मागण्याचा अधिकारही नसतो. सही केली नाही आणि १ डिसेंबर उलटला, तर तो हंगाम संपूर्ण बुडतो. २०१८ साली टोरांटोच्या विल्यम नीलँडरने अगदी शेवटची काही मिनिटे उरली असताना सही केली, ती ह्याच मुदतीमुळे.

अशा वेळी क्लब पुष्कळदा म्हणतो, "तू गुणी आहेस, पण अजून दोन वर्षे बघू." मग दोन किंवा तीन वर्षांचा, बेताच्या पगाराचा करार होतो. तिकडे ह्याला 'ब्रिज', म्हणजे पुलाचा करार, म्हणतात. गोव्याकडच्या वाचकांना साकव ठाऊक आहे. ओढा ओलांडण्यापुरता घातलेला तो लाकडी पूल. पलीकडे पोहोचायचे आहे म्हणून माणूस त्यावर पाऊल ठेवतो; मुक्काम करण्यासाठी नव्हे.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती खरी मानून अठराव्या वर्षी मुलाला उचलणारा क्लब एकविसाव्या वर्षी मात्र म्हणतो, पाय पुन्हा दाखव. हे न्याय्य आहे काय?

ह्या प्रश्नाचे फार बोलके उदाहरण मॉन्ट्रियल येथील क्लबाचे आहे. पी. के. सुबान हा बचाव फळीतला खेळाडू. आईवडील कॅरिबियन बेटांतून कॅनडात आलेले. वडील टोरांटोत शाळेचे मुख्याध्यापक. २००७ साली त्रेचाळिसाव्या क्रमांकावर त्याची निवड झाली. २०१२ साली पहिला करार संपला. त्याला दीर्घ मुदतीचा करार हवा होता. क्लब छोट्या मुदतीवर अडून राहिला. वाटाघाटीत हंगामाचे पहिले सामने हुकले, आणि अखेर २८ जानेवारी २०१३ रोजी त्याने दोन वर्षांना मिळून साडेसत्तावन्न लाख डॉलरच्या करारावर सही केली. त्याच हंगामातील उत्तम बचावपटू म्हणून जेम्स नॉरिस पारितोषिक त्याला मिळाले! पुढे ऑगस्ट २०१४ मध्ये, लवादापुढे सुनावणी झाल्यावर दुसऱ्याच दिवशी, क्लबाने त्याच्याशी आठ वर्षांचा सात कोटी वीस लाख डॉलरचा करार केला. म्हणजे वर्षाला सुमारे एकोणतीस लाख घेणाऱ्याला आता वर्षाला नव्वद लाख द्यावे लागले.

हे वाचून आपल्यापैकी कोणी म्हणेल, "बघा, अविश्वासाची शिक्षा मिळाली!" असा बोध काढण्याचा मोह आम्हांलाही झाला. पण तो टिकत नाही. न्यूयॉर्क आयलंडर्स क्लबाने रिक डिपिएत्रो ह्या तरुण गोलरक्षकावर २००६ साली भरभरून विश्वास टाकला. पंधरा वर्षांचा, सहा कोटी पंचाहत्तर लाख डॉलरचा करार! पुढे दुखापतींनी त्याची पाठ सोडली नाही. २०१३ साली क्लबाने करार मोडून घेतला, आणि त्यापोटी सोळा वर्षे दरसाल पंधरा लाख डॉलर देण्याचे पत्करले. विश्वास ठेवला म्हणजे फायदा होतोच, असे जर आपण तरुणांना व मालकांना शिकवू लागलो, तर पहिल्याच डिपिएत्रोपाशी आपली शिकवण कोसळेल. जो विश्वास फायद्यासाठी ठेवला, तो विश्वास नव्हे, गुंतवणूक होय. गुंतवणूक करू नये असे नाही; पण तिला नीतीचे नाव देऊ नये.

क्लबाची बाजूही मोकळ्या मनाने ऐकली पाहिजे. २००४-०५ चा संपूर्ण हंगाम मालक व खेळाडू यांच्या भांडणात वाया गेला, आणि २००५ पासून प्रत्येक क्लबाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा आली. २०१३ पासून तर खेळाच्या उत्पन्नाचा निम्मा वाटा खेळाडूंचा, असे ठरले. ह्याचा अर्थ असा, की एका मुलाला कमी दिलेले पैसे सगळेच मालकाच्या खिशात जातात असे नाही. ते बव्हंशी दुसऱ्या खेळाडूंकडे जातात. तेवीस जणांचे एक ताट आहे. टँपा बेच्या ब्रेडन पॉइंटने सप्टेंबर २०१९ मध्ये तीन वर्षांचा, दोन कोटी अडीच लाख डॉलरचा पुलाचा करार केला. त्यामुळे इतर चांगले खेळाडू ठेवता आले. २०२० व २०२१ अशी लागोपाठ दोन वर्षे त्या क्लबाने स्टॅन्ले चषक जिंकला, आणि दोन्ही वर्षी बाद फेरीत चौदा-चौदा गोल पॉइंटने केले. दुसऱ्या विजयाच्याच महिन्यात, जुलै २०२१ मध्ये, त्याच्याशी आठ वर्षांचा सात कोटी साठ लाखांचा करार झाला. येथे साकव ओलांडला गेला, आणि पलीकडचा काठ जागेवर होता.

तेव्हा छोट्या मुदतीचा करार मुळातच पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. पारख करण्यात अन्याय नाही. लग्न ठरवतानाही आपण चौकशी करतो. प्रश्न निराळा आहे. पुढे काय होईल हे क्लबालाही ठाऊक नसते आणि मुलालाही नसते. ह्या न कळण्याचे ओझे कोणी उचलायचे? क्लबाकडे तेवीस खेळाडू आहेत. एक जायबंदी झाला तर बावीस उरतात. मुलाकडे दोन गुडघे आहेत. छोट्या कराराच्या दुसऱ्या वर्षी गुडघा निकामी झाला, तर क्लबाला शोक होईल. आयुष्य मात्र त्या मुलाचे उलटेल. ज्याच्यात ओझे पेलण्याची शक्ती अधिक, त्यानेच ते कमी उचलावे, आणि वर त्याला 'परीक्षा' असे भारदस्त नाव द्यावे, ही गोष्ट आमच्या मनाला खुपते.

कोणी विचारील, "वर्षाला एकोणतीस लाख डॉलर घेणाऱ्याची तुम्हांला कसली दया?" २०१३ च्या भावाने ते पंधरा कोटी रुपयांच्या आसपास होतात. आक्षेप रास्त आहे. त्या मुलांकरिता वर्गणी गोळा करा, असे आम्ही सुचवीत नाही. परंतु म्हणूनच हे उदाहरण आम्ही निवडले. गरिबाच्या करारात भुकेचा प्रश्न इतका मोठा असतो की त्यामागे दुसरे काही दिसत नाही. येथे भूक नाही. पैसा मुबलक असूनही माणसाला काहीतरी सलते. ते काय? माझ्यातले उत्तम ते घेणाऱ्याने माझी बाजू घेतलेली नाही, हे. पैशाने ही उणीव भरून निघत नाही, आणि कागदाच्या लांबीनेही निघत नाही. सुबानचेच पाहा. सप्टेंबर २०१५ मध्ये त्याने मॉन्ट्रियलच्या मुलांच्या इस्पितळासाठी सात वर्षांत एक कोटी डॉलर उभे करण्याचे वचन दिले. त्याच्या संमतीवाचून त्याला दुसऱ्या क्लबाकडे पाठवता येणार नाही, हे कलम १ जुलै २०१६ पासून लागू व्हायचे होते. २९ जून रोजी मॉन्ट्रियलने त्याला नॅशव्हिलला देऊन टाकले. नियम कोठेही मोडला नाही. करार आठ वर्षांचा होता. सोबत दोन वर्षेही झाली नाही.

मग प्रामाणिक पारख कशी ओळखावी? आम्हांला तीन खुणा दिसतात. पहिली, काय पाहिले जाणार आहे ते आधी स्पष्ट सांगितलेले असते. दुसरी, केव्हापर्यंत पाहिले जाणार ते ठरलेले असते आणि ती मुदत पाळली जाते. तिसरी, आणि हीच सर्वांत महत्त्वाची, कसोटीला उतरल्यास पारख करणाराही बांधला जातो. ज्या परीक्षेत परीक्षक कशानेच बांधलेला नाही, ती परीक्षा नव्हे, ते भिजत ठेवलेले घोंगडे. लाबानाची गोष्ट आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. याकोबाने राहेलसाठी सात वर्षे ठरवली आणि भरली. सात वर्षे फार होती म्हणून ती गोष्ट आपल्याला टोचत नाही. शर्त पुरी झाल्यावर लाबानाने ती बदलली म्हणून टोचते. पुढे मजुरीही त्याने पुन्हा पुन्हा बदलली. याकोबाला जाण्यासारखी दुसरी जागा नव्हती, हे लाबानाला पक्के माहीत होते.

आता परदेशातून घरी येऊ. आमच्या माहितीच्या एका शाळेत एक तरुण शिक्षक होते. पहिल्या वर्षी त्यांना अकरा महिन्यांची नेमणूक दिली. काम पाहू, मग कायम करू, असे कमिटीने सांगितले. काम उत्तम निघाले. दुसऱ्या वर्षी पुन्हा अकरा महिने. तिसऱ्या वर्षीही तेच. एप्रिलअखेर आदेश संपायचा आणि जूनमध्ये नवा हाती पडायचा. मधल्या महिन्याचा पगार नाही. असे सहा वेळा झाले. त्या कमिटीच्या कागदांवर आमचीही सही असे. दरवर्षी आम्ही म्हणायचो, यंदा रक्कम नाही, पुढल्या वर्षी बघू. रक्कम खरोखरच बेताची होती, हेही खरे. पण सहा वर्षांत एकदाही आम्ही त्यांना समोर बसवून हिशोब दाखवला नाही, किंवा अमुक तारखेनंतर तुम्हांला टांगते ठेवणार नाही, असा शब्द दिला नाही. सातव्या वर्षी ते दुसऱ्या गावी गेले. निरोपसमारंभात आम्ही त्यांच्या निष्ठेवर भाषण केले. त्या भाषणाची आठवण झाली की आजही आम्हांला शरम वाटते. आम्ही त्यांची निष्ठा सहा वर्षे तपासली. आमची कोणी तपासली नाही.

आपल्या संस्थांत, दुकानांत, दवाखान्यांत, कचेऱ्यांत आजही हंगामी नेमणुकीवर उभी असलेली तरुण माणसे आहेत. सर्वांना उद्या कायम करा, असे म्हणणे सोपे आहे; तिजोरी पाहिली की ते नेहमीच शक्य नसते. पण शब्द देणे तिजोरीवर अवलंबून नाही. काय पाहत आहोत, केव्हापर्यंत पाहत आहोत, आणि तुम्ही कसोटीस उतरलात तर आम्ही काय करू, एवढे तिन्ही सांगायला पैसा लागत नाही. आणि कायम करणे जमणार नसेल, तर तेही वेळेवर सांगावे, म्हणजे त्या माणसाला दुसरी वाट धरता येते.

"आधी सिद्ध कर, मग बघू," असे तरुणांना म्हणण्याचा अधिकार वडीलधाऱ्यांना असेलही. परंतु त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग आपल्यावर कर्ज म्हणून उरतो, ह्याचा विसर पडू नये. त्याने सिद्ध केले. आता आपण बघितले काय?